ग्रीक वाङ्मयात शिरायचं कुठून? अथेन्सच्या एका पिढीपासून

ग्रीक अभिजात साहित्य वाचायचं मनावर घेतलं की बहुतेक जण काळाच्या क्रमानं निघतात. आधी होमर, मग हेसिअड, मग शोकांतिका, मग प्लेटो. 'इलियड'च्या दुसऱ्याच सर्गात जहाजांची यादी लागते. कोणत्या गावाहून कोण किती गलबतं घेऊन आला याच्या शेकडो ओळी. पुस्तक तिथं मिटतं ते मिटतंच. तत्त्वज्ञानाच्या वाटेनं जाणारे थेलीसपासून सुरुवात करतात, 'सगळ्याचं मूळ पाणी' हे वाचतात, आणि यात एवढं थोर काय, असं वाटून थांबतात.

काळाच्या क्रमाचा हट्ट सोडला तर हे टळतं. एकच शहर धरा, अथेन्स, आणि इ.स.पू. ४४१ च्या आसपासपासून ३९९ पर्यंतची चाळीसेक वर्षं. (पुढे जी तीन आकडी वर्षं येतील ती सगळी इसवी सनापूर्वीची.) सोफोक्लीस, युरिपिडीस, ॲरिस्टोफेनिस हे नाटककार, इतिहासकार थ्युसिडिडीस, तत्त्वज्ञ सॉक्रेटिस हे सगळे याच काळात तिथं होते आणि प्लेटो तिथंच वाढत होता. ही माणसं एकाच प्रेक्षागारात नाटकं बघत होती, एकाच युद्धात पोळत होती, एकमेकांची टर उडवत होती. एका पुस्तकातला माणूस दुसऱ्या पुस्तकात अचानक समोर येतो. 'साहित्य' आणि 'तत्त्वज्ञान' ही वेगवेगळी कपाटं ग्रंथपालांच्या सोयीची आहेत. त्या गावाला ती ठाऊक नव्हती.

आधी हाताशी काय हवं

इंग्रजी भाषांतरं मुबलक आहेत आणि जुनी बरीचशी फुकट मिळतात. प्लेटोचं बेंजामिन जोवेटनं केलेलं एकोणिसाव्या शतकातलं भाषांतर जालावर सहज सापडतं. भाषा जुन्या वळणाची असली तरी सुरुवातीला चालून जातं. होमरचं सॅम्युएल बटलरचं फुकट भाषांतर मात्र जपून घ्या. त्यात देवांची नावं रोमन आहेत: झ्यूसचा जोव्ह, अथीनाची मिनर्व्हा, ओडिसियसचा युलिसिस. आधीच नावांचा गुंता, त्यात ही भर. थोडे पैसे खर्चायची तयारी असेल तर रॉबर्ट फेगल्सचं 'इलियड' (१९९०) किंवा एमिली विल्सनची 'ओडिसी' (२०१७) आणि 'इलियड' (२०२३) घ्या. मूळ ग्रीक समोर ठेवायचं असेल तर १९११ साली सुरू झालेली लोब ग्रंथमाला आहे: हिरव्या वेष्टनातली पुस्तकं, डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या संकेतस्थळावर मूळ संहिता आणि भाषांतरं दोन्ही मोफत आहेत.

समासातल्या आकड्यांकडे लक्ष द्या. प्लेटोच्या कोणत्याही चांगल्या आवृत्तीत कडेला '१७ए', '३८सी' असे आकडे दिसतात. १५७८ साली आंरी एस्तिएननं जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीचे हे पृष्ठांक आहेत. ॲरिस्टॉटलसाठी बेकरच्या १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे आकडे वापरतात. दोन भाषांतरं ताडून बघायची असोत किंवा वेगळी आवृत्ती असलेल्या मित्राशी बोलायचं असो, हे आकडे सगळीकडे तेच राहतात. त्यांचा आणखी एक उपयोग पुढे सांगतो.

प्रस्तावना शेवटी वाचा. पन्नास-पन्नास पानांच्या विद्वत्तापूर्ण प्रस्तावना उत्तम असतात, पण ज्यानं नाटक वाचलेलंच नाही त्याला त्या झेपत नाहीत. पात्रांची यादी तेवढी पाहून मजकुरात शिरा.

पहिलं वाचन: एक खटला

सुरुवात प्लेटोच्या 'ॲपॉलॉजी'पासून. हे सॉक्रेटिसचं न्यायालयातलं भाषण, साल ३९९, त्याचं वय ७०. एका बैठकीत संपतं. आरोप दोन: शहराचे देव न मानता तो नवी दैवतं आणतो, आणि तरुणांना बिघडवतो. फिर्यादी तिघं: मेलिटस, ॲनिटस आणि लायकन.

वाचताना भाषणाचे तीन तुकडे पाडा: बचाव, दोषी ठरल्यानंतर शिक्षेवरचं बोलणं, आणि मृत्युदंड झाल्यावरचे शेवटचे शब्द. मधला तुकडा सगळ्यात मजेदार आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे आरोपीनं स्वतःसाठी पर्यायी शिक्षा सुचवायची असते. हा गृहस्थ म्हणतो, मला सरकारी खर्चानं जेवण द्या, ऑलिंपिकच्या विजेत्यांना देतात तसं! मग मित्र दंडाची हमी द्यायला तयार होतात तेव्हा कुठे ३० मिना दंडावर येतो. ज्युरीला चिडवायचा याहून चांगला मार्ग नसेल. आणि दोषी ठरवताना मतांचा फरक फार नव्हता. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असं तो स्वतःच म्हणतो.

तीन जागांवर पेन्सिलीनं खूण करा, पुढच्या वाचनात त्या लागतील. १९सी ला तो म्हणतो की माझी बदनामी एका विनोदी नाटकानं केली. २८सी-डी ला तो स्वतःची तुलना अकिलीसशी करतो. २९डी ला तो ज्युरीला बजावतो की तत्त्वचिंतन सोडायच्या अटीवर सोडलंत, तर मी तुमच्यापेक्षा देवाचं ऐकेन.

आपल्याकडे हे भाषण नवं नाही. १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी याचा सारांश गुजरातीत 'इंडियन ओपिनियन'मधून छापला, 'एक सत्यवीराची कथा' अशा अर्थाच्या शीर्षकानं. १९१० मध्ये मुंबई सरकारनं 'हिंद स्वराज'बरोबर ती पुस्तिकाही जप्त ठरवली. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्याच्या भाषणाची सरकारला भीती वाटली, म्हणजे वाचणाऱ्यांनी ते नीट वाचलं होतं.

ते विनोदी नाटक

१९सी ची खूण आठवते? ते नाटक म्हणजे ॲरिस्टोफेनिसचं 'क्लाउड्स', ४२३ साली रंगमंचावर आलेलं. मुलाच्या घोड्यांच्या शौकापायी कर्जात बुडालेला बाप सावकारांना बोलण्यात गुंडाळायची विद्या शिकायला सॉक्रेटिसच्या 'विचारघरा'त जातो. सॉक्रेटिस टोपलीत बसून हवेत लटकतोय. विनोद पुष्कळदा पांचट आहेत, स्थानिक टोमणे तळटीपांशिवाय कळत नाहीत, आणि टीपा वाचून हसू येत नाही हे खरं. तरी शेवट नक्की वाचा. तिथं विचारघराला आग लावतात. ४२३ च्या स्पर्धेत नाटकाला शेवटचा क्रमांक मिळाला. ३९९ मध्ये ज्युरीत बसलेल्या कित्येकांच्या डोक्यात सॉक्रेटिस होता तो हाच, टोपलीतला.

'क्रायटो' आणि 'अँटिगनी' समोरासमोर

या मार्गावर सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. शिक्षा झाल्यावर डेलॉस बेटाला गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत सॉक्रेटिसला मारता येत नाही. त्या अवधीत पहाटेच्या वेळी मित्र क्रायटो तुरुंगात येतो आणि सांगतो, पळून जा, सगळी व्यवस्था झाली आहे. 'क्रायटो' हा संवाद पंधरा-वीस पानांचा. सॉक्रेटिस नकार देतो आणि शहराचे कायदे जणू समोर उभे राहून बोलतायत अशी कल्पना करतो: आम्ही तुला जन्म दिला, वाढवलं, पटलं नसतं तर शहर सोडून जायला मोकळा होतास, आता एक तर आम्हाला पटवून दे, नाहीतर ऐक.

हे वाचून झालं की २९डी पुन्हा उघडा. 'ॲपॉलॉजी'तला माणूस आज्ञा मोडीन म्हणतो, 'क्रायटो'तला मोडणार नाही म्हणतो. दोघं एकच कसे? अभ्यासक याची उत्तरं फार काळापासून देत आले आहेत. तुम्ही ती वाचण्याआधी वहीत स्वतःचं उत्तर लिहा, चार ओळींचं का होईना. आपली पावती फाडल्याशिवाय तत्त्वज्ञानाच्या जत्रेत आत सोडत नाहीत.

मग 'अँटिगनी'. सोफोक्लीसनं ते ४४१ च्या सुमारास केलं. त्याच सुमारास अथेन्सनं त्याला सेनापती म्हणूनही निवडलं होतं, म्हणजे सत्तेच्या खुर्चीतून जग कसं दिसतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. थीब्ज शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसला पुरायचं नाही, असा राजा क्रेऑनचा हुकूम. बहीण अँटिगनी भावाला माती देते. देवांचे अलिखित नियम तुझ्या फर्मानापेक्षा मोठे, हे ती राजाच्या तोंडावर सांगते.

पहिल्या वाचनात सगळे अँटिगनीच्या बाजूनं असतात. दुसऱ्यांदा क्रेऑनच्या बाजूनं वाचा. आदल्याच दिवशी शत्रू वेशीवर होता, दोन भावांनी एकमेकांना मारलं, राज्य त्याच्या हातात नुकतं आलंय. शहरापेक्षा मित्राला मोठं मानणारा मला कवडीमोल, हे त्याचं सुरुवातीचं भाषण. पुढे ३४३ मध्ये डेमॉस्थेनिस या वक्त्यानं ते न्यायालयात आदर्श राजकारण म्हणून वाचून दाखवायला लावलं. तेव्हाच्या श्रोत्यांना क्रेऑन सरळ खलनायक वाटत नव्हता. बिघाड कुठं सुरू होतो ते शोधायचं असेल तर त्याचा मुलगा हीमॉन येतो तो प्रसंग थांबून वाचा. हा अँटिगनीचा वाग्दत्त वर, पण प्रेमाबद्दल चकार शब्द काढत नाही. गावात काय कुजबुज चाललीये ते बापाला सांगतो. एकाच माणसाच्या मालकीचं ते शहरच नव्हे, असं म्हणतो.

शोकांतिका मोठ्यानं वाचा, शक्यतो तिघांनी मिळून. त्या काळी बोलणारे नट तीनच असत आणि सगळ्या भूमिका मुखवटे बदलून तेच करत, म्हणून तीन मित्रांत आख्खं नाटक बसतं. वृंदगान सगळ्यांनी वाचायचं. हा वृंद म्हणजे आपला सूत्रधार नव्हे. त्याला कथेचा शेवट ठाऊक नसतो, तो घाबरतो, चुकतो, बाजू बदलतो. रक्तपात रंगमंचावर जवळपास कधीच दिसत नाही. दूत येऊन सांगतो. त्या दूताचं भाषण वाचणाऱ्याला घाई करू देऊ नका.

युद्धाची वर्षं

अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध ४३१ ते ४०४ चाललं. थ्युसिडिडीस त्यात अथेन्सचा सेनापती होता. ॲम्फिपोलिस वाचवता आलं नाही म्हणून हद्दपार झाला आणि इतिहास लिहीत बसला. आठही खंड एका दमात वाचायचा अट्टहास नको. दुसऱ्या खंडात अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याचं मृत सैनिकांसाठीचं भाषण (३४ ते ४६) आणि त्याला लागूनच साथीचं वर्णन (४७ ते ५४) आहे. हे दोन तुकडे सलग वाचा, मध्ये उठू नका. आमचं शहर साऱ्या ग्रीसची शाळा, असा अभिमान, आणि पान उलटताच प्रेतांचे ढीग. थ्युसिडिडीसला स्वतःलाही ती साथ झाली होती. कोरड्या, जवळजवळ वैद्यकीय भाषेत तो लक्षणं नोंदवतो. कोविडनंतर हा भाग वेगळाच वाचला जातो.

त्याच भाषणाच्या शेवटी पेरिक्लीस विधवांना सांगतो की पुरुषांच्या तोंडी जिचं नाव कमीत कमी येईल ती बाई मोठी. भाषण ४३१ च्या हिवाळ्यातलं. त्याच वर्षीच्या वसंतात युरिपिडीसची 'मीडिया' रंगमंचावर येऊन गेली होती. तिची नायिका म्हणते, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा ढाल घेऊन रणांगणात उभी राहीन. स्पर्धेत त्या वर्षी युरिपिडीसला शेवटचा क्रमांक मिळाला.

पुढे पाचव्या खंडातला मेलॉसचा संवाद (८४ ते ११६). मेलॉस हे लहानसं बेट, तटस्थ राहायचं म्हणतं. अथेन्सचे दूत सांगतात, न्यायाची भाषा बरोबरीच्यांत. बलवान जमेल ते करतात, दुबळे सोसतात. ४१६ मध्ये तिथले पुरुष मारले गेले, बायका-मुलं गुलाम झाली. पुढच्याच वसंतात युरिपिडीसनं 'ट्रोजन विमेन' केलं: पडलेल्या ट्रॉयच्या बायका, कुणी कुणाच्या वाट्याला जायचं याची वाट बघतायत, ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या तान्ह्या मुलाला तटावरून फेकून देतात. नाटक थेट मेलॉसवर होतं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला वाटतं, लिहिणाऱ्याच्या मनात असो-नसो, बघणाऱ्यांच्या मनात मेलॉस असणारच. पुढे अथेन्सची सिसिलीवरची मोहीम ४१३ मध्ये पार धुळीला मिळाली. नंतरच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की तिथं कैद झालेले काही अथेनियन युरिपिडीसच्या ओळी म्हणून दाखवल्या म्हणून सुटले.

'सिम्पोझियम', म्हणजे तीच माणसं दारूच्या बैठकीत

आता प्लेटोचं 'सिम्पोझियम' वाचलंत तर ते नुसता प्रेमावरचा निबंध राहत नाही. प्रसंग ४१६ मधला, अगाथॉन नावाच्या नाटककाराच्या घरचा. सॉक्रेटिस आहे, आणि शेजारी त्याला टोपलीत लटकवणारा ॲरिस्टोफेनिसही आहे, उचकी लागलेला. रात्री दारू पिऊन आल्किबायडीस घुसतो, सिसिलीच्या मोहिमेचा पुढचा सेनापती. सॉक्रेटिस रणांगणावर कसा निर्धास्त चालत होता ते तो सांगतो. पहाटेपर्यंत तिघंच जागे राहतात: सॉक्रेटिस, अगाथॉन, ॲरिस्टोफेनिस. सॉक्रेटिस पटवत असतो की शोकांतिका लिहिणाऱ्याला विनोदी नाटकही लिहिता यायला हवं. वर्षभरात हे सगळं विस्कटणार आहे, हे वाचकाला ठाऊक असतं, पात्रांना नसतं.

आता होमर

२८सी-डी ला सॉक्रेटिस ज्या अकिलीसचं नाव घेतो तो 'इलियड'च्या अठराव्या सर्गातला आहे. हेक्टरला मारलंस तर लगेच तुझी पाळी, असं आई सांगते, तरी तो मागे फिरत नाही. अथेन्सची पोरं होमर तोंडपाठ करत वाढली होती, म्हणून त्याच्याकडे आता जायचं.

चोवीस सर्ग, सुमारे १५,७०० ओळी. वेळ कमी असेल तर १, ६, ९, १६, १८, २२ आणि २४ हे सर्ग पुरे. जहाजांची यादी बिनदिक्कत ओलांडा. सहाव्यात हेक्टर शिरस्त्राण घालून बाळाला घ्यायला जातो आणि ते घाबरून रडतं. हेच ते 'ट्रोजन विमेन'मधलं बाळ. चोविसाव्यात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या हातांचं चुंबन घेतो. एवढ्या एका प्रसंगासाठी बाकीचे सर्ग वाचावेत.

महाभारतावर वाढलेल्या माणसाला इथं आख्ख्या युद्धाची अपेक्षा असते. 'इलियड' ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या काही आठवड्यांपुरतं आहे आणि हेक्टरच्या अंत्यविधीशी संपतं. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसची टाचही नाही. घोड्याची गोष्ट 'ओडिसी'त ओझरती येते. झ्यूस म्हणजे इंद्र, अकिलीस म्हणजे कर्ण असल्या जोड्या लावायचा मोह पहिल्या वाचनात आवरा. एकदा जोडी लागली की माणूस दिसेनासा होतो. तीच ती विशेषणं पुन्हा पुन्हा आली तर कंटाळू नका. मिलमन पॅरीनं १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गाणारे शाहीर ध्वनिमुद्रित करून दाखवलं की अशा साच्यातल्या ओळींवर गायक तोंडी महाकाव्य उभं करतो. म्हणून होमर ऐकलात तर उत्तमच.

मराठीतून मिळणारी जोडी

'राजा ओयदिपौस' हे पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीसच्या 'ईडिपस'चं केलेलं मराठी रूप, आणि विंदा करंदीकरांचं 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र'. ही दोन पुस्तकं याच क्रमानं वाचा, कारण ॲरिस्टॉटल उदाहरणासाठी पुन्हा पुन्हा ईडिपसकडेच वळतो. नाटक आधी वाचलेलं असेल तर त्याच्याशी भांडताही येतं.

'रिपब्लिक' आणि ॲरिस्टॉटल

'रिपब्लिक'च्या दहा खंडांपैकी पहिला, दुसऱ्याचा पूर्वार्ध, सातवा आणि आठवा आधी घ्या. पहिल्या खंडातला थ्रॅसिमॅकस न्याय म्हणजे बलवानाचं हित असं ओरडून सांगतो, तेव्हा मेलॉसचे दूत आठवतील. ज्याच्या घरी हा संवाद घडतो त्या कुटुंबातल्या पोलेमार्कसला ४०४ मध्ये, अथेन्स युद्ध हरल्यावर लोकशाही मोडून सत्तेवर आलेल्या तीस जुलमी शासकांनी मारलं, आणि त्या तिसांचा पुढारी क्रिटियस प्लेटोच्या नात्यातला होता. आठव्या खंडातली लोकशाहीवरची टीका हे लक्षात ठेवून वाचा.

ॲरिस्टॉटलचा जन्म ३८४ चा, या पिढीनंतरचा. त्याचं आज हाती असलेलं लेखन बहुधा व्याख्यानांच्या टिपणांसारखं, म्हणून कोरडं. 'निकोमॅकियन एथिक्स'मधले १, २, ८ आणि ९ हे खंड पुष्कळ झाले. शेवटचे दोन मैत्रीवर आहेत. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या खंडात काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, असा युक्तिवाद आहे. तो भाग गाळू नका. एवढा तीक्ष्ण माणूस आपल्या समाजाची सोय सिद्धांत म्हणून कशी मांडतो, ते ओळ-ओळ तपासण्यासारखं आहे.

एपिक्टेटस आणि मार्कस ऑरेलियस या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांची सध्या चलती आहे. एक गुलाम म्हणून जगलेला, दुसरा रोमचा सम्राट. वाचायला सोपे, पण ते इसवी सनातले. नंतर आले तरी चालतील. त्यांच्या नावावर फिरणाऱ्या सुविचारांवर मात्र विश्वास ठेवू नका. 'आपण जे वारंवार करतो तेच आपण असतो' हे ॲरिस्टॉटलचं म्हणून फिरतं. वाक्य विल ड्युरांटचं आहे, १९२६ मधलं. हल्लीची तरुण पिढी बिघडली असं सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेलं वाक्य १९०७ च्या एका प्रबंधातून आलंय. कुणी अवतरण पाठवलं की समासातला आकडा मागा. तो नसेल तर पुढे ढकलू नका.

यानंतर विसावा म्हणून इतिहासकार हिरॉडोटस. नऊ खंड आहेत, पण तो गोष्टीवेल्हाळ आहे, कुठूनही उघडा. तिसऱ्या खंडात ९८ ते १०६ या परिच्छेदांत भारताचं वर्णन येतं: सोनं उकरून काढणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या आणि लोकर देणारी झाडं. मुंग्यांवर पंडितांचा वाद अजून चालू आहे; लोकर देणारं झाड कापसाचं.